एकाच पॉवर सप्लायवर तीन-चार रेडिओ: करंटचा हिशेब, वायर, फ्यूज आणि मायनसची बाजू

प्रश्न थोडक्यात असा: कोथरूडच्या फ्लॅटमध्ये एका हॅमच्या (हौशी रेडिओवाल्याच्या) टेबलावर १०० वॅटचा एचएफ रिग (शॉर्टवेव्हवर दूर बोलायचा मुख्य सेट), ५० वॅटचा व्हीएचएफ मोबाइल सेट (जवळच्या अंतराचा, गाडीत बसतो तसा), एपीआरएससाठी (आपलं ठिकाण आपोआप प्रसारित करणारी पद्धत) कायम चालू ठेवलेला एक जुना सेट आणि हँडीचा (हातात धरायच्या सेटचा) चार्जर आहे. सप्लाय एकच, ३० अँपिअरचा. सगळं त्यावर चालेल का, की प्रत्येकाला वेगळा सप्लाय घ्यायचा?

चालेल. मात्र सप्लायवर छापलेला ३० हा आकडा पाहून समाधान मानू नका. ३० अँपिअर देणारा सप्लाय शॉर्ट झालेल्या बारीक वायरलाही तेवढेच ३० अँपिअर देतो. सप्लायच्या मर्यादेत सगळं बसत असल्यामुळे त्याचं स्वतःचं संरक्षण कामाला लागत नाही, आणि हँडीच्या चार्जरची ०.७५ स्क्वेअरची (स्क्वेअर मिलिमीटर) वायर तेवढ्यात लाल होते. म्हणून सप्लाय एक असला तरी प्रत्येक रेडिओला स्वतःची वायरजोडी हवी, त्या जोडीच्या सप्लायकडच्या टोकाला स्वतःचा फ्यूज हवा, आणि सगळे मायनस एका जाड पट्टीवर यायला हवेत. हे तीन नीट झालं की बाकीचं बरंच सोपं आहे.

आधी करंट. रेडिओच्या पुस्तिकेत ट्रान्समिटचा कमाल करंट आणि रिसीव्हचा करंट असे दोन आकडे वेगवेगळे दिलेले असतात. आयकॉम आयसी-७३०० घेतला तर पूर्ण पॉवरला २१ अँपिअर, रिसीव्हला एक-सव्वा. ५० वॅटचा व्हीएचएफ सेट साधारण ८ ते १२ अँपिअर ओढतो, नुसता ऐकताना अर्धा अँपिअर. एपीआरएसचा सेट १० वॅटवर ठेवला तर बीकन (आपोआप जाणारा छोटा संदेश) सोडताना ४ अँपिअरच्या आसपास. चार्जरला एक धरा. टेबलावर बसणारा माणूस एकटा असेल तर एका वेळी एकच पीटीटी (बोलताना दाबायचं बटण) दाबली जाते, त्यामुळे सगळ्यांचे कमाल आकडे बेरजेला घ्यायची गरज नाही. एपीआरएस मात्र तुम्हाला विचारून बीकन सोडत नाही, तो नेमका तुमच्या ओव्हरच्या (बोलण्याच्या पाळीच्या) मध्येच सोडेल. म्हणजे सर्वांत मोठा ट्रान्समिट २१, आपोआप चालणारा ४, व्हीएचएफचा रिसीव्ह अर्धा आणि चार्जर एक: साडेसव्वीस. त्यावर २० टक्के जास्तीची जागा ठेवली की ३२ होतात.

इथे सप्लायचा आकडा काय सांगतो ते बारकाईनं वाचा. ३० अँपिअर म्हणून विकले जाणारे बरेच सप्लाय सलग २५ आणि थोड्या वेळासाठी ३० देणारे असतात. एसएसबीवर (एचएफवर बोलण्याची नेहमीची पद्धत) बोलताना सरासरी करंट कमालपेक्षा बराच खाली राहतो, त्यामुळे तिथे हा सप्लाय पुरतो. एफटी८ वर (कॉम्प्युटरनं चालणारा डिजिटल मोड) तसं नाही. एक प्रसारण १२.६४ सेकंदांचं असतं आणि तेवढा सगळा वेळ करंट कमाल आकड्यावर टिकून राहतो. पंधरा सेकंद थांबून पुन्हा तेच, असं तासभर. तिथे पॉवर ५० वॅटवर आणा. एचएफ रिगचा करंट साधारण १५ अँपिअरवर येतो (पॉवर निम्मी केली तरी करंट निम्मा होत नाही, हे लक्षात असू द्या), सप्लाय थंड राहतो आणि रिगच्या फायनल (शेवटच्या, पॉवर देणाऱ्या) ट्रान्झिस्टरांनाही तेच मानवतं. दोन जण एकाच वेळी वेगवेगळ्या बँडवर बसणार असतील, तर मात्र २१ अधिक १० अधिक ४ अधिक १ म्हणजे ३६ अँपिअर होतात. तेव्हा ५० अँपिअरचा सप्लाय घ्या, नाहीतर दोन सप्लाय घेऊन रेडिओ वाटून टाका. दोन साधे सप्लाय समांतर जोडून एक मोठा सप्लाय करायला जाऊ नका. ज्याचा व्होल्टेज ०.१ ने जास्त, तोच सगळा भार घेतो आणि तोच आधी बसतो.

कारखान्यात वापरतात ते जाळीच्या डब्यातले १२ व्होल्टचे एसएमपीएस (स्विचिंग सप्लाय) अनेक जण घेतात. स्वस्त पडतात आणि चांगल्या कंपनीचे टिकतातही. उदाहरण म्हणून मीन वेल एलआरएस-३५०-१२ घ्या. त्याच्यावर २९ अँपिअर लिहिलेलं असतं ते १२ व्होल्टला. ट्रिमर फिरवून व्होल्टेज १३.८ वर नेलात की वॅट तेवढेच राहतात, म्हणून करंट २५ वर येतो. शिवाय जास्त व्होल्टेजचं त्याचं संरक्षण १३.८ च्या जवळपासच सुरू होतं, त्यामुळे १३.८ ला ताणून न ठेवता १३.५ वर ठेवा. रेडिओंना काही फरक पडत नाही. त्यांची मर्यादा १३.८ च्या १५ टक्के खाली-वर, म्हणजे ११.७ ते १५.९ अशी असते. भार जास्त झाला की हे सप्लाय बंद होतात, पुन्हा सुरू होतात, पुन्हा बंद होतात. पीटीटी दाबल्यावर सगळ्या सेटचे दिवे एकत्र लुकलुकायला लागले तर कारण हेच. आणि डब्याच्या बाजूचा ११५/२३० चा छोटा स्विच २३० वर आहे ना, हे वीज लावण्याआधी पाहा. ११५ वर राहिलेला सप्लाय पहिल्याच क्षणी फुटतो. या डब्याच्या २३० व्होल्टच्या स्क्रू उघड्यावर असतात, त्यावर झाकण बसवल्याशिवाय तो टेबलावर ठेवू नका.

आता वायर. पुण्यात दुकानात वायर स्क्वेअर मिलिमीटरनंच मागायची असते, म्हणून परदेशी पुस्तकांतले गेजचे तक्ते बाजूला ठेवा. मल्टिस्ट्रँड तांब्याच्या वायरचा रोध मीटरला २.५ स्क्वेअरसाठी ८ मिलिओहम, ४ साठी ५, ६ साठी ३.३ आणि १० साठी १.९ धरा. करंट जातो आणि परतही येतो, म्हणून लांबी दुप्पट धरायची. सप्लाय टेबलाखाली आणि रिग तीन मीटरवर असेल तर एकूण सहा मीटर. २१ अँपिअरला २.५ स्क्वेअरमध्ये एक व्होल्ट पडतो, ४ मध्ये ०.६३, ६ मध्ये ०.४२. त्यात प्रत्येक ब्लेड फ्यूजमध्ये पूर्ण करंटला ०.१ व्होल्टच्या आसपास आणि प्रत्येक जोडात थोडा थोडा पडतो.

मेनवर १३.८ मिळत असताना एक व्होल्ट पडला तरी रेडिओ तक्रार करत नाही, आणि म्हणूनच वायरिंगचा कच्चेपणा वर्षानुवर्षं कळत नाही. बॅटरीवर आलात की तो उघडा पडतो. लेड-ॲसिड बॅटरी भाराखाली १२.२ वर बसली आणि वायर, फ्यूज, जोड मिळून १.२ व्होल्ट खाऊन गेले, तर रिगपाशी ११ उरतात. मर्यादा आहे ११.७. मग बोलताना पॉवर पडते, समोरचा म्हणतो आवाज फाटतोय, आणि जोरात बोललात की रिग बंद होऊन पुन्हा चालू होतो. लोक बॅटरीला दोष देतात. म्हणून वायर बॅटरीच्या हिशेबानं निवडा. एचएफला ६ स्क्वेअर, व्हीएचएफला २.५ किंवा ४, एपीआरएसला १.५, चार्जरला ०.७५ ते १. सप्लायपासून वाटणीच्या डब्यापर्यंतचा तुकडा सगळ्यांचा सामाईक असतो, तिथे १० स्क्वेअर घ्या आणि लांबी अर्ध्या मीटरच्या आत ठेवा. तेवढ्यात ३० अँपिअरला जेमतेम ०.०६ व्होल्ट पडतो. तोच तुकडा २.५ स्क्वेअरचा ठेवलात तर पाव व्होल्ट पडतो, आणि तुमच्या एसएसबीच्या प्रत्येक शब्दाबरोबर बाकीच्या सगळ्या सेटचा व्होल्टेज तेवढा हलत राहतो.

वाटणीचा डबा विकत मिळतो, पण घरी करणं अवघड नाही. सहा किंवा आठ वाटांचा ब्लेड फ्यूजचा बॉक्स नाना पेठेत गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानांत मिळतो. मायनससाठी इलेक्ट्रिकच्या दुकानातली पितळेची न्यूट्रल लिंक घ्या, ती जाड असते आणि स्क्रू पक्के बसतात. लग (वायरच्या टोकाला दाबून बसवायचं धातूचं टोक), तो दाबायची क्रिंपिंगची पक्कड, हीटश्रिंक स्लीव्ह आणि फ्यूज होल्डर हे सगळं तपकीर गल्लीत एका फेरीत होतं. वायर घेताना दोन्ही टोकं सोलून पाहा. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर लाल-काळ्या जोडीत सर्रास मिळते, सुरीनं तार खरवडली की आत पांढरी दिसते. ती घेऊ नका. रोध जास्त असतोच, शिवाय स्क्रूखाली सैल होत जाते.

एचएफ रिग या बॉक्समधून नेऊ नका. गाडीच्या फ्यूज बॉक्सची एक वाट बहुधा १५ ते २० अँपिअरच्या हिशेबाची असते आणि स्वस्त बॉक्समधली आतली पट्टी ब्लेडच्या पात्याइतकीच पातळ निघते. २१ अँपिअर सलग गेले की आधी प्लास्टिक पिवळं पडतं, मग फ्यूजचे पाय सैल होतात, मग सैल पायामुळे आणखी तापतं. एचएफसाठी वेगळा जाड इनलाइन (वायरमध्येच बसणारा) फ्यूज होल्डर सप्लायच्या मागच्या मुख्य खुंट्यावरूनच काढा आणि रिगच्या मूळ केबलमध्ये जेवढ्याचा फ्यूज आहे तेवढ्याचाच त्यात घाला. सप्लायच्या पुढच्या बाजूच्या दाबून बसवायच्या क्लिपा आणि सिगारेट सॉकेट यांच्यावर तर हा भार मुळीच नको. सॉकेट साधारण १० अँपिअरचं, क्लिपा त्याहून कमी. पूर्ण करंट मागच्या खुंट्यांवरच मिळतो.

बॉक्समध्ये व्हीएचएफसाठी १५ अँपिअरचा निळा फ्यूज, एपीआरएसला साडेसातचा तपकिरी, चार्जरला ३ चा. फ्यूज वायरसाठी असतो. रेडिओच्या आतला भाग जळण्याआधी तो तुटेलच असं नाही. त्यामुळे वायर जेवढं सोसते त्यापेक्षा मोठा फ्यूज कधीच नाही. एखादा फ्यूज वारंवार जात असेल तर मोठा घालण्याआधी त्या वाटेचा करंट मोजा.

जोडांसाठी हॅम मंडळी अँडरसन पॉवरपोल वापरतात. १५, ३० आणि ४५ अँपिअरला घर तेच, आतला काँटॅक्ट बदलतो, म्हणून वायरच्या जाडीप्रमाणे काँटॅक्ट मागून घ्या. सगळ्या केबलांवर लाल-काळ्याची मांडणी एकाच बाजूची ठेवा, म्हणजे कुठलाही रेडिओ कुठल्याही वाटेवर लागतो. ड्रोनवाल्यांचे एक्सटी६० स्वस्त आणि करंटला दमदार आहेत. त्यात सप्लायकडे मादी आणि रेडिओकडे नर हा नियम एकदा ठरवून टाका, नाहीतर उघड्या पिनांवर व्होल्टेज राहतो. क्रिंप केलेल्या टोकात वरून कथील भरू नका. कथलानं तार ताठ होते आणि नेमकी त्याच्या कडेला तुटते.

आता मायनस. सगळ्यांत जास्त दुर्लक्ष होतं ते इथे. प्लसची वायर सैल झाली तर रेडिओ बंद पडतो आणि लगेच कळतं. मायनसची सैल झाली तर बहुतेक वेळा काहीच बंद पडत नाही. रिगची बॉडी अँटेनाच्या कोॲक्स केबलच्या बाहेरच्या जाळीनं, अर्थच्या पट्टीनं आणि कॉम्प्युटरच्या यूएसबी केबलनं बाकीच्या उपकरणांना जोडलेलीच असते. २१ अँपिअर त्यातला जो रस्ता मिळेल तो धरून सप्लायकडे परत जातात. यूएसबीची जाळी हा भार घ्यायला केलेलीच नाही. ती केबल गरम होते, आणि कधी कॉम्प्युटरचा पोर्ट जातो. पकडायची पद्धत सोपी आहे. डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर घ्या, एचएफ रिगच्या प्लस आणि मायनस दोन्ही वायरी एकदम त्याच्या जबड्यात धरा आणि डमी लोडवर (अँटेनाऐवजी लावायचा मोठा रोध) ट्रान्समिट करा. गेलेला आणि आलेला करंट एकमेकांना रद्द करतो, म्हणून आकडा शून्याच्या जवळ हवा. तीन अँपिअर दिसले तर तीन अँपिअर दुसऱ्या कुठल्यातरी वाटेनं परत जात आहेत. मग मायनसच्या पट्टीपासून रिगपर्यंतचा प्रत्येक स्क्रू तपासा.

याच कारणानं घरच्या वाटणीत, तुम्ही स्वतः केलेल्या वाटांवर, मायनसमध्ये फ्यूज घालू नये असं माझं स्पष्ट मत आहे. कंपनीच्या केबलमध्ये दोन्ही बाजूंना फ्यूज येतात ते गाडीसाठी. तिथे इंजिनची अर्थ पट्टी तुटली तर स्टार्टरचा करंट रेडिओच्या मायनसमधून जाऊ नये म्हणून. घरी स्टार्टर नाही. मायनसचा फ्यूज एकटा तुटला तर वर सांगितलेला कोॲक्सचा आणि यूएसबीचा प्रकार घडतो. कंपनीची केबल कापायची नाही, ती आहे तशी राहू द्या. नवी वाट करताना फ्यूज प्लसमध्येच.

हँडीबद्दल एक इशारा. १३.८ व्होल्ट मिळताहेत म्हणून ते प्रत्येक चार्जिंग स्टँडला चालत नाहीत. बाओफेंग यूव्ही-५आरच्या स्टँडला १० व्होल्ट लागतात. मध्ये बक कन्व्हर्टर (व्होल्टेज कमी करणारा छोटा बोर्ड) घालून भार न लावता आधी व्होल्टेज बांधा आणि मगच स्टँड लावा. स्वस्त बक कन्व्हर्टर एचएफवर घाण आवाज करतात, तेव्हा ४० मीटरचा बँड ऐकायला बसताना त्या वाटेचा फ्यूज काढून ठेवलात तरी चालेल.

सप्लाय एकच असण्याचा खरा धोका करंटचा नाही, व्होल्टेजचा आहे. ट्रान्सफॉर्मरवाल्या लिनिअर सप्लायमध्ये, घरी बनवलेल्या किंवा जुन्या घेतलेल्या, पास ट्रान्झिस्टर (सगळा करंट ज्यातून बाहेर जातो तो) शॉर्ट झाला की त्याच्या मागचे २० ते २२ व्होल्ट थेट बाहेर येतात. एका क्षणात टेबलावरचे सगळे रेडिओ त्याखाली येतात, आणि फ्यूज त्यांना वाचवत नाहीत. म्हणून क्रोबार (व्होल्टेज वाढला की आउटपुट मुद्दाम शॉर्ट करणारं संरक्षण) हवाच: आउटपुटवर ४० अँपिअरचा एससीआर (गेटला इशारा मिळाला की चालू होणारा स्विच), त्याच्या गेटला १५ व्होल्टचा झेनर डायोड, गेट ते मायनस एक रोध आणि एक छोटा कपॅसिटर. झेनर आणि गेट मिळून १५.७ च्या आसपास एससीआर पेटतो, आउटपुट शॉर्ट होतं आणि पास ट्रान्झिस्टरांच्या आधीचा फ्यूज जातो. तो फ्यूज जागेवर आहे की त्याच्याऐवजी कोणी तार बांधली आहे, हेही पाहा. क्रोबारची चाचणी रेडिओ सगळे काढून, वेगळ्या कमी करंटच्या बेंच सप्लायनं व्होल्टेज हळूहळू चढवत करा. १४.५ वर पेटत असेल तर झेनर बदला, नाहीतर बॅटरी चार्ज करताना विनाकारण पडेल.

सप्लायचा व्होल्टेज डमी लोडवर स्थिर आणि अँटेनावर हलतो, असं दिसलं तर आरएफ (तुमचाच रेडिओ सिग्नल) सप्लायच्या रेग्युलेटरमध्ये शिरतंय. प्लस ते मायनस आणि दोन्ही खुंट्या ते बॉडी असे १०३ नंबरचे डिस्क सिरॅमिक कपॅसिटर लावा, पाय शक्य तितके आखूड ठेवा. उलट बाजूनं, एसएमपीएसचा आवाज रिसीव्हरमध्ये येतोय का हे बघायला रिग बॅटरीवर चालवा, सप्लायचा प्लग भिंतीतून काढा आणि फरक ऐका. फरक असेल तर ३१ मिक्सच्या (फेराइटच्या मालाचा एक प्रकार) मोठ्या फेराइट रिंगवर प्लस-मायनसची जोडी एकत्र आठ-दहा वेढे गुंडाळा. जोडी एकत्रच, कारण एकच वायर गुंडाळली तर २० अँपिअरनं फेराइट संपृक्त होतं आणि काही उपयोग राहत नाही. एका वेढ्याची फेराइट क्लिप ८० आणि ४० मीटरच्या बँडवर फारसं काही करत नाही.

सगळं जोडून झालं की मोजणी एकदा तरी करा. एचएफ रिगला डमी लोड, मोड एफएम किंवा आरटीटीवाय (यांत पॉवर सलग टिकते), पूर्ण पॉवर, दहा सेकंद. पहिल्या वेळी सप्लायच्या खुंट्यांवर मोजा, दुसऱ्या वेळी रिगच्या मागच्या प्लगवर. मग मीटरची एक तार सप्लायच्या मायनसवर आणि दुसरी रिगच्या मायनसवर ठेवून पुन्हा पीटीटी दाबा. ६ स्क्वेअरच्या तीन मीटर वायरला इथे ०.२१ व्होल्ट अपेक्षित आहेत. ०.४ आले तर वायर जाडीला खोटी आहे किंवा लग नीट दाबलेला नाही. प्लसच्या बाजूनंही तसंच करा, तिथे फ्यूजचा ०.१ व्होल्ट वेगळा धरा. दहा मिनिटं एफटी८ चालवून, सप्लाय बंद करून प्रत्येक फ्यूजच्या पायाला आणि लगला बोट लावा. हाताला चटका बसतो तो जोड पुन्हा करायचा.

बॅटरीचं थोडक्यात. गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते आणि पावसाळ्यात कधीही, म्हणून बॅकअप लागतोच. घरच्या इन्व्हर्टरवर सप्लाय चालवून पुन्हा १३.८ करण्यापेक्षा बॅटरीवरून थेट रेडिओ चालवा, रूपांतर दोनदा कशाला? सप्लाय आणि बॅटरी यांच्यामध्ये शॉट्की डायोडची जोडी लावता येते. त्यात अर्धा व्होल्ट पडतो आणि २० अँपिअरला १० वॅट उष्णता होते, म्हणजे हीटसिंक हवं. बॅटरीच्या प्लस खुंट्यापासून वीतभर अंतरात फ्यूज घाला. बॅटरी शॉर्टमध्ये शेकडो अँपिअर देते, तिच्यापुढे तुमचा ३० चा सप्लाय काहीच नाही. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी डायोडमधून चार्ज करायची नाही, तिला तिचाच १४.६ व्होल्टचा चार्जर द्या.

शेवटचं, एप्रिल-मेच्या वळवाच्या पावसासाठी. एक सप्लाय म्हणजे सगळ्या रेडिओंचे मायनस एका पट्टीवर, आणि त्या पट्टीला गच्चीवरच्या सगळ्या अँटेनांच्या कोॲक्सच्या जाळ्या. एका अँटेनावर आलेला झटका सगळ्या सेटपर्यंत पोहोचतो, बंद असलेल्यांपर्यंतसुद्धा. गडगडाट ऐकू आला की स्विच बंद करून भागत नाही. अँटेना बाहेरच्या बाजूला सोडवा, मग सप्लायचा प्लग भिंतीतून काढा, आणि कॉम्प्युटरला जाणारी यूएसबीही ओढून ठेवा.